तलावामागची वाट आणि दादाची गाडी

मुलांनो, महाराष्ट्राचा नकाशा उघडा पाहू. त्यात अहिल्यानगर जिल्हा शोधा. नकाशा जुना असेल, तर त्यावर अहमदनगर लिहिलेलं असेल. या जिल्ह्याचं पश्चिमेकडचं टोक नाशिक आणि ठाणे जिल्ह्यांच्या मध्ये पाचर ठोकावी तसं घुसलेलं दिसेल. तो अकोले तालुका. विदर्भातलं अकोला वेगळं, हे अकोले वेगळं, बरं का!

महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर, १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई, याच टोकावर आहे. रतनगड इथला, सांदण दरी इथली आणि माझं माहेरही इथलंच. आज मी तुम्हांला तिकडे घेऊन जाणार आहे. पण नुसतं डोंगर, धबधबे दाखवून परत आणणार नाही. आपण ज्या गाडीतून जाऊ, तिच्या पोटाखालीसुद्धा डोकावणार आहोत. कारण आमच्या वाडीची वाट शेवटचा दीड किलोमीटर अशी आहे, की गाडीला ती आधी शिकवावी लागते.

मी संगमनेर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. संगमनेरहून निघालं, की रस्ता प्रवरा नदीच्या उलट दिशेने वर चढत जातो. आधी ऊस, कांदा, डाळिंब. अकोले गाव मागे पडलं, की डोंगर जवळ येऊ लागतात. राजूर आलं, की भाताची खाचरं सुरू होतात आणि हवेला ओल्या मातीचा वास येतो. गंमत पाहा, संगमनेरला वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर आणि सह्याद्रीच्या कड्यावरच्या घाटघरला काही वर्षी पाच हजार मिलिमीटरच्याही वर! एकाच नदीकाठचा हा फरक. समुद्रावरून आलेले ढग कड्याला अडतात, तिथेच रिकामे होतात आणि आमच्या वाट्याला उरलंसुरलं येतं.

पुढे रंधा धबधबा आणि मग शेंडी गाव. इथे भंडारदऱ्याचं धरण आहे. १९१० साली काम सुरू झालं आणि १९२६ साली ते पुरं झालं. म्हणजे धरणाला शंभर वर्षं होत आली. धरणामागे पसरलेल्या तलावाला वळसा घालणारा रस्ता आहे. मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर अशी गावं त्या वळशावर मण्यांसारखी ओवलेली आहेत. रतनवाडीला अमृतेश्वराचं काळ्या पाषाणाचं सुंदर देऊळ आहे. ते मात्र घाईत पाहू नका. खांबांवरची शिल्पं पाहायला तासभर तरी हवा.

हा वळशाचा रस्ता डांबरी आहे, पण पावसाळ्यात तो जागोजाग उखडतो. आणि साम्रदच्या अलीकडे जिथून आमच्या वाडीला फाटा फुटतो, तिथे डांबर संपतं. पुढे आधी मुरूम, मग दगडगोटे, मग एक ओढा आणि शेवटी चिकणमातीचा चढ. उन्हाळ्यात कुठलीही गाडी जाते. जुलैत मात्र बैलसुद्धा विचार करून पाय टाकतो.

२०१८ च्या ऑगस्टमधली गोष्ट. वाडीतल्या एका बाईंना रात्री कळा सुरू झाल्या. जीप फाट्यापर्यंत आली आणि थांबली. मग बांबूला घोंगडी बांधून डोली केली आणि चार जणांनी पावसात त्यांना फाट्यापर्यंत खांद्यावर नेलं. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. ते बाळ आता शाळेत जातं. पण डोलीच्या त्या चार खांद्यांत एक माझ्या दादाचा होता. पुढच्याच वर्षी त्याने जुनी बोलेरो घेतली. घरची गाडी म्हणून. रोज राजूरला कामावर जायला, लग्नकार्याला, बाजाराला. आणि वर्षातून काही वेळा वाडीपर्यंत पोचायला.

ही बोलेरो मागच्या दोनच चाकांवर चालणारी आहे. चारही चाकं ओढणारी गाडी दादाच्या खिशाबाहेरची होती. आता या गाडीत काय बदल करायचे, यावर घरात जी सभा भरली, ती ग्रामसभेपेक्षा मोठी! माझा भाचा तेव्हा सातवीत होता. त्याची यादी तयारच होती. भले मोठे टायर, उंच उचललेली बॉडी, पुढे लोखंडी दांड्यांचा गार्ड, टपावर दिव्यांची माळ आणि बॉनेटच्या बाजूने वर जाणारं हत्तीच्या सोंडेसारखं नळकांडं. राजूरचे आमचे मिस्त्री काका हसत हसत ऐकत होते. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "बाळा, आधी गाडीखाली झोप. काय दिसतं ते सांग."

भाचा खरंच पोतं अंथरून गाडीखाली सरकला. त्याच्यामागोमाग मीही वाकून पाहिलं. दोन मागच्या चाकांच्या मधोमध, एक्सलवर, कलिंगडाएवढा फुगवटा असतो. गाडीच्या पोटाखालची सगळ्यांत खाली आलेली जागा बहुतेक तीच. काका म्हणाले, "स्प्रिंगा उंच करून बॉडी वर उचलली, तर हा फुगवटा वर येईल का?" नाही येणार! कारण तो बॉडीला नाही, चाकांच्या दांड्याला जोडलेला असतो. तो वर उचलायचा, तर चाकच मोठं हवं.

"मग मोठे टायर!" भाचा म्हणाला. आता इथे मी माझं गणित पुढे केलं. तुम्हीही वही घ्या. बोलेरोच्या टायरवर २१५/७५ आर १५ असं लिहिलेलं असतं. २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के. १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. तर भिंत झाली सुमारे १६१ मिलिमीटर. आता २३५/७५ चा टायर घेतला, तर भिंत होईल १७६. फरक किती? फक्त १५ मिलिमीटर. म्हणजे एवढा खर्च करून गाडी उचलली जाणार दीड सेंटिमीटर! तुमच्या करंगळीच्या जाडीएवढी. वर आणखी गंमत म्हणजे, चाक मोठं झालं, की वेगाचा काटा खोटं बोलू लागतो. तो ८० दाखवेल तेव्हा गाडी ८३ ने धावत असेल.

दादाने मापाचेच टायर घेतले, पण नक्षी बदलली. आधीचे टायर गोटा झाले होते, ते टाकायचेच होते. नवे घेतले ते खोल खाचांचे, कच्च्या आणि डांबरी दोन्ही रस्त्यांवर चालणारे. दुकानात त्यांना ऑल-टेरेन म्हणतात. डांबरावर ते थोडे गुणगुणतात आणि डिझेलही किंचित जास्त पितात. पण गाडीत केलेला हा सगळ्यांत मोठा बदल, आणि माझ्या मते सगळ्यांत कामाचा.

टायरइतकीच कामाची गोष्ट फुकट मिळते. ती म्हणजे हवा. फाट्यावर आलो, की दादा खाली उतरतो आणि चारही टायरमधली हवा कमी करतो. पाहुण्यांना वाटतं, गाडी पंक्चर झाली! एक प्रयोग करा. फुटबॉल टम्म फुगवून ओल्या मातीवर दाबा. छोटासा गोल खड्डा पडेल. मग थोडी हवा सोडून तेवढ्याच जोराने दाबा. ठसा पसरट पडेल, पण खोल नाही. टायरचंही तसंच. हवा कमी केली, की टायरचा जमिनीवरचा ठसा लांबतो, गाडीचं वजन पसरतं आणि चाक चिखलात रुतण्याऐवजी त्यावरून चालतं. दादा हवा वीस-बावीस पौंडांवर आणतो. त्याखाली नाही, कारण मग टायर रिमवरून निसटू शकतो. आणि डांबर लागलं, की पुन्हा कंपनीच्या पाटीवर लिहिल्याएवढी हवा भरायची, कारण कमी हवेवर जोरात पळवलं तर टायर तापून फुटतो. त्यासाठी गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप सीटखाली असतो. हे काम भाच्याचं. हवेचा काटा त्याच्या खिशात असतो आणि तो तो कुणाला देत नाही.

मुरूम संपून गोटे लागतात, तिथे काकांच्या दुसऱ्या बदलाचं काम सुरू होतं. इंजिनाखाली तेलाचं भांडं असतं. गॅरेजात त्याला चेंबर म्हणतात. एखादा दगड त्याला लागला आणि चेंबर फुटला, तर सगळं तेल वाहून जातं आणि इंजिन काही मिनिटांत जाम होतं. त्याखाली काकांनी जाड लोखंडी पत्रा बसवला. पत्र्याला भोकं पाडली, म्हणजे चिखल-पाणी साठत नाही आणि तेल बदलताना पत्रा काढावा लागत नाही. दारांखालच्या चढायच्या पायऱ्या मात्र काढून टाकल्या, कारण त्या खाली लोंबत होत्या आणि प्रत्येक उंचवट्यावर घासत होत्या. यावर आईने तक्रार केली. "माझे पाय काय गाडीसाठी लांब व्हणार हायेत का?" मग तिच्यासाठी गाडीत लाकडी पाट ठेवला. तो पाट आता चिखलात जॅक रुतू नये म्हणून जॅकखालीही घालतात. एका पाटाची दोन कामं!

चिखलाचा चढ आला, की दोन चाकांवर चालणाऱ्या गाडीची खरी परीक्षा. तुम्ही पाहिलं असेल, रुतलेल्या गाडीचं एक चाक गरागरा फिरतं आणि दुसरं ढिम्म उभं असतं. असं का? त्याचं उत्तर त्या कलिंगडाएवढ्या फुगवट्यात आहे. त्यात डिफरन्शिअल नावाचे दाते असतात. २६ जानेवारीला संचलन करताना रांग वळते तेव्हा काय होतं आठवा. आतल्या बाजूचा मुलगा जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरच्या बाजूचा लांब लांब टांगा टाकतो. दोघांनी सारखीच पावलं टाकली, तर रांग मोडेल. गाडी वळतानाही बाहेरचं चाक जास्त फिरायला हवं. ती सोय डिफरन्शिअल करतं. पण त्याची एक खोड आहे. ज्या चाकाला अडवणारं काही नाही, त्यालाच ते फिरवत बसतं. एक चाक चिखलात सुटलं, की सगळी फिरकी त्यालाच. दोन्ही चाकांना एकत्र जखडणारी यंत्रणा मिळते, पण महाग. काकांनी तिचा आग्रह धरला नाही. त्यांचा उपाय असा: माणसं मागच्या सीटवर बसवा, म्हणजे ओढणाऱ्या चाकांवर वजन येतं. सुटलेल्या चाकाखाली गोणपाट किंवा पेंढा घाला. आणि चाक फिरू लागलं, की पाय ताबडतोब काढा. फिरवत राहिलात, तर चाक स्वतःचीच विहीर खणतं.

तरी अडकलोच, तर? गाडीच्या चासीला पुढे आणि मागे काकांनी जाड ओढकड्या घट्ट बोल्टने बसवल्या आहेत. दोरखंड बंपरला किंवा मागच्या गोळ्याला बांधायचा नाही. जोराने ओढताना तो गोळा तुटला, तर बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. दोरावर एक ओलं पोतं टाकून ठेवायचं, म्हणजे दोर तुटलाच तर फटका जमिनीकडे जातो. आणि मुलांनी दोराच्या दुप्पट अंतरावर उभं राहायचं. हा नियम आमच्याकडे दादासुद्धा मोडत नाही. वाडीत ट्रॅक्टर नाही, पण बैलजोडी आहे. एकदा तिने गाडी काढली आणि मालकाने दादाकडून बैलांसाठी सरकीची गोणी वसूल केली. अगदी रास्त भाव!

आता भाच्याच्या यादीतलं उरलेलं सांगते. पुढचा लोखंडी गार्ड बाद, कारण डिसेंबर २०१७ पासून केंद्र सरकारने असे गार्ड लावणाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं आहे. रस्त्यावरच्या माणसाला तो लागला, तर इजा फार मोठी होते. एअरबॅग असलेल्या गाडीत ती वेळेवर उघडण्यातही त्याचा अडथळा होऊ शकतो. बॉडी उचलणंही बाद. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीच्या वेळी कंपनीने दिलेल्या तपशिलात मनाने बदल करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी शास्त्र आहेच. काड्यापेटी पाटीवर आडवी ठेवा आणि पाटी तिरकी करत जा. ती घसरेल, पण उलटणार नाही. मग उभी ठेवून पाहा. लगेच कोलमडेल. गाडी जितकी उंच, तितकी ती उभ्या काड्यापेटीसारखी होते. म्हणूनच वाडीहून येताना जिरवेल तांदळाची पोती टपावरच्या कॅरिअरवर न टाकता आम्ही पायाशी ठेवतो. पाय आखडतात, पण गाडी सरळ राहते.

दिव्यांच्या माळेवर मात्र भाचा अडून बसला होता. तेव्हा मे महिना संपत आला होता. तुम्हांला ठाऊक असेल, मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत भंडारदऱ्याच्या परिसरात काजव्यांचा मोसम असतो. हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा अशा झाडांवर हजारो काजवे एकाच तालात लुकलुकतात. अख्खं झाड पेटतं आणि विझतं. हे नुसतं सौंदर्य नाही, ती त्यांची बोली आहे. नर काजवा लुकलुकून मादीला हाक मारतो आणि तिने ती पाहून उत्तर द्यायचं असतं. त्या रात्री आम्ही रस्त्याकडेला गाडी लावून, दिवे मालवून बसलो होतो. तेवढ्यात मागून एक मोठी गाडी आली, तिच्या टपावर अशीच झगझगीत माळ. पांढराफेक प्रकाश झाडावर पडला आणि झाड गप्प झालं. गाडी गेल्यावरही बराच वेळ ते गप्पच होतं. भाचा काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी यादीतून दिवे गेले होते.

त्याऐवजी त्याने मागच्या काचेवर "४ × ४" असं चिकटवलं. काकांनी ते वाचलं आणि म्हणाले, "दोन चाकं ओढतात ना रे हिची? मग गाडीला खोटं बोलायला कशाला शिकवतोस?" चिकटपट्टी अजून आहे. मधला अर्धा भाग खरवडून त्याने "४ × २" केलं आहे.

आणखी एक गोष्ट मला सांगायलाच हवी. हा सारा भाग १९८६ सालापासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. शेकरू इथे आहे. सप्टेंबरात सोनकीच्या पिवळ्या फुलांनी पठारं भरून जातात. हल्ली काही पाहुणे मोठमोठ्या गाड्या घेऊन येतात आणि वाट सोडून पठारावर, कधी चक्क खाचरात गाडी घालतात. चिखल उडवायची मजा म्हणे! खाचराचा बांध मोडला, की साठवलेलं पाणी निघून जातं आणि लावलेली रोपं आडवी होतात. ज्याचं ते खाचर असतं, त्याचं वर्षभराचं जेवण त्यात असतं. आमची गाडी कच्च्या वाटेवरून जाते, पण वाटेवरूनच जाते. वाट संपली, की आम्ही उतरून चालतो. मला तर अशा गाड्यांचे फोटोही पाहवत नाहीत.

राहिला ओढा. आणि ते सोंडेसारखं नळकांडं. इंजिन हवा घेतं त्या तोंडातून पाणी आत गेलं, तर ते इंजिनात दाबलं जात नाही आणि आतले भाग वाकतात. नळकांडं लावलं, की हवा टपाच्या उंचीवरून घेता येते. पण काकांचं म्हणणं असं, की जिथे ते लागेल एवढं पाणी आहे, तिथे घरच्या माणसांना घेऊन जायचंच कशाला? त्यांनी वेगळीच, स्वस्तातली युक्ती केली. मागच्या एक्सलला एक छोटी श्वासनळी असते. चालून चालून एक्सल तापतो आणि आतली हवा प्रसरण पावते. तो एकदम गार पाण्यात शिरला, की हवा आकुंचन पावते आणि एक्सल बाहेरून श्वास ओढतो. नळीचं तोंड पाण्यात असेल, तर आत पाणीच जाणार! काकांनी त्या नळीला रबरी पाइप जोडून त्याचं तोंड वर, मागच्या दिव्याच्या उंचीला नेऊन बांधलं.

ओढ्यासाठी दादाचं माप ठरलेलं आहे. भाच्याने काठी घेऊन आधी काठावरून पाणी मोजायचं, दादाने मग पायी उतरून पाहायचं. चाकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे तुमच्या फूटपट्टीहून तीन बोटं जास्त, एवढंच पाणी चालेल. तेही संथ असेल तर. तळ दिसत नसेल किंवा धार पाय ओढत असेल, तर गाडी थांबणार.

२०२४ च्या जुलैत आईला दम लागत होता, म्हणून तिला राजूरच्या रुग्णालयात न्यायचं होतं. दादा, भाचा आणि मी आदल्या संध्याकाळीच वाडीवर मुक्कामाला गेलो होतो. सकाळी सातला तिला गाडीत बसवून निघालो आणि ओढ्यावर पाहतो, तर पाणी लाल आणि काठीवरच्या खुणेच्या वर हातभर. मी आईकडे पाहत होते, दादा पाण्याकडे. "एवढं तर जाईल गाडी," मी म्हटलं. तो म्हणाला, "गाडी जाईल गं. आईचं काय?" त्याने गाडी मागे घेऊन उंचावर लावली आणि काठाला एका दगडावर खडूने रेघ मारली. आई मागच्या सीटवर शाल पांघरून बसली होती. भाचा दर पाच मिनिटांनी रेघ पाहून यायचा. आठ वाजले, साडेआठ वाजले. पाऊस वर डोंगरात थांबला असावा, कारण नऊला रेघ कोरडी झाली आणि पावणेदहाला पाणी चाकाच्या मध्याखाली आलं. दादाने पहिला गिअर टाकला आणि मध्ये न थांबता, न दामटता, चालत्या माणसाच्या वेगाने गाडी पार नेली. साडेअकराला आईची तपासणी सुरू झाली. डॉक्टरांनी तिला दोन दिवस ठेवून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी सोडलं.

त्या दुपारीच दादा गाडी घेऊन काकांकडे गेला. काकांनी मागच्या एक्सलचा बोल्ट ढिला केला आणि खाली तळहात धरला. तेलात पाणी शिरलं असेल, तर ते ताकासारखं पांढुरकं दिसतं. तेल तांबूस, स्वच्छ निघालं. काकांनी हात पुसला आणि बोल्ट परत आवळला.